हातभर अंतर

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली तेव्हा ऋजुताला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. हे तिचं नेहमीचंच. रस्त्यात कुणी हॉर्न वाजवला की तो आपल्यालाच, आणि कुणाचा फोन आला नाही की आपण काहीतरी लागट बोललो असणार. एक गचका बसला, पायाखालची फळी वीतभर खाली गेल्यासारखी झाली, आणि दिवा गेला. पंखाही गेला. तिने चाचपडत बेलचं बटण दाबलं; बेल वाजली नाही. मग त्याच्या खालचं दुसरं बटण दाबलं, बॅटरीवरचं. ते असोसिएशनचे सेक्रेटरी राजगोपाल यांनी गेल्या उन्हाळ्यात मोठ्या हौसेने बसवून घेतलं होतं आणि दारोदार जाऊन सांगितलं होतं की लाइन गेली तरी काळजी नाही, मॅडम, टू सेपरेट सिस्टिम्स. तेही मेलेलं होतं. हातात दुधाची पिशवी, कढीपत्त्याची जुडी, आणि आजूबाजूला डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय सारखाच काळोख. शनिवारची सकाळ, चेन्नईतलं सगळं अण्णा नगर सुट्टीच्या आळसात, कुणी जिना सोडून लिफ्टकडे बघेल तर ना. तिने दारावर थापा मारल्या. आपलाच आवाज एवढाशा जागेत कानावर आदळला तेव्हा ती घाबरून थांबली. आणि मग, घाबरलेलं माणूस ओळखीचं काहीतरी पुटपुटतं तसं, तिचं डोकं आपलं रोजचं काम करू लागलं. एक बंद पडणं समजू शकतं. दोन्ही एकाच क्षणी कसं?

बाहेर काढलं तेव्हा तिचा कुर्ता अंगाला चिकटला होता आणि दुधाची पिशवी तिने छातीशी इतकी घट्ट धरली होती की वॉचमनने ती हळूच काढून घेतली. राजगोपाल बनियनवरच धावत आले होते. इलेक्ट्रिशियन खाली मीटरच्या खोलीत बसून एक पाइप सोलत होता, त्यात उंदराने कुरतडलेल्या तारा. ‘एलि,’ वॉचमन तिला समजावत म्हणाला, आणि उंदीर कळावा म्हणून दोन बोटं नाकापाशी नेऊन हलवून दाखवली. ‘पण दोन्ही तारा?’ तिने इंग्रजीत विचारलं, ‘तुम्ही तर म्हणाला होता सेपरेट.’ राजगोपाल दुखावले. ‘सिस्टिम सेपरेटच आहे, मॅडम. पाइप तेवढा सेम.’ एवढं बोलून ते इलेक्ट्रिशियनवर तमिळमध्ये ओरडायला लागले. ऋजुता जिन्याने वर गेली. दूध गॅसवर ठेवलं. त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि दूध वर येत असताना तिने ते पुन्हा पुटपुटलं. सिस्टिम सेपरेट, पाइप सेम. दूध उतू गेलं तरी तिचा हात बटणापर्यंत गेला नाही.

तिचं काम आईला अजून कळलं नव्हतं. सांगलीच्या घरी ‘ती विमानं बनवते’ असं आई शेजारणींना सांगे, आणि ऋजुताने कितीदा तरी समजावलं होतं की बनवत नाही, दुसऱ्यांनी बनवलेलं विमान कशाकशाने पडू शकेल याचा विचार करते. ‘असला अभद्र विचार करायला पगार देतात?’ आई म्हणे. देतात. उड्डाणाचा परवाना मिळण्याआधी विमानातली एकेक व्यवस्था घ्यायची आणि विचारायचं, ही बिघडली तर काय, तीही आणि हीही बिघडली तर काय. आता हातात होतं ते एका छोट्या प्रवासी विमानाचं काम. त्याच्या नाकापाशी दोन बारीक नळ्या. समोरून हवा त्यांत शिरते, त्यावरून वैमानिकाला वेग कळतो. वर ढगात थंडी असते, नळ्यांत बर्फ धरू नये म्हणून दोघींना तापवणारी आपापली तार. एक तार जाईल, ठीक आहे, दुसरी आहे. दोन्ही एकाच वेळी जाण्याची शक्यता काढायची तर दोन लहान आकड्यांचा गुणाकार करायचा आणि येतो तो आकडा इतका बारीक की माणसाने निर्धास्त झोपावं. फक्त तो गुणाकार करायची परवानगी केव्हा, तर दोघींचा एकमेकींशी काही संबंध नसेल तेव्हाच. तारा एकाच वाटेने जात असतील, एकाच पट्ट्याने बांधलेल्या असतील, तर गुणाकार खोटा. मग दोन्ही काटे सारखंच चुकीचं दाखवतील, आणि सारखं दाखवतात म्हणून वैमानिकाला खरं वाटेल. ऋजुताने स्वतः लिहिलं होतं की तारांच्या वाटा वेगळ्या आहेत, खात्री केली आहे. आणि आता ओट्यावरून ओघळणाऱ्या दुधाकडे बघत ती स्वतःला विचारत होती, कुणी केली खात्री? आपण तर ते विमान पाहिलेलंही नाही.

सुब्बाकाकांनी सांगितलं होतं. हो, त्यांनीच. तिने हुश्श केलं, गॅस बंद केला, ओटा पुसायला घेतला. सुब्बाराव म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने, तिचं काम तपासून सही करायची ती त्यांनीच. बाकीचे त्यांना सर म्हणत, ती काका म्हणे, कारण चेन्नईत आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात जेवणाच्या खोलीत हा टक्कल पडलेला, कपाळाला गंध लावलेला माणूस तिच्या डब्यात डोकावून म्हणाला होता, ‘भाकर कां? अम्ही पण मराठीच अहों.’ तंजावरच्या राजांबरोबर कधीकाळी आलेल्या घराण्यातली ती मराठी. तिच्यात अनुस्वार जागच्या जागी होते, तमिळ शब्द मध्येमध्ये बसलेले होते, आणि हेल तर सबंध तमिळच. ती ऐकताना ऋजुताला आधी हसू आलं होतं आणि मग खोलीवर गेल्यावर रडू. तेव्हापासून रोज दुपारी कोपऱ्यातलं ते एकच टेबल. त्यांच्या बायकोच्या हातचं कांदा नसलेलं, वर कढीपत्ता तरंगणारं पिठलं, तिची भाकरी, आणि दोघांची मराठी. बोलायचं काय, तर सगळंच. पाण्याचा टँकर, तिचं लग्न, मैलापूरच्या संगीतसभेतलं गाणं, आणि तोंडी लावायला काम. त्या तारांचंही तिथेच बोलणं झालं असणार. ती ओटा पुसता पुसता ते बोलणं आठवू लागली. पिठल्याचा वास आठवला, काकांच्या मनगटावरचं घड्याळ आठवलं. ‘हो, वेगळ्या अहेत,’ हे त्यांचं वाक्य आठवलं. त्यांना ते कुठून कळलं होतं, हे मात्र काही केल्या आठवेना. नाकाकडच्या भागाचं ड्रॉइंग उशिरा आलं होतं. विमान दुसऱ्या राज्यात, तिथे जाऊन बघायची फेरी वेळ नाही म्हणून व्हिडिओवर उरकली होती, आणि त्या दिवशी नेमकं नाकाचं झाकण लावलेलं होतं. मग काकांनी पाहिलं केव्हा?

तिने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. असलं फोनवर विचारता येत नाही. उद्या सकाळी ते विमान ढगात जाणार होतं, मुद्दाम, बर्फ धरतो का ते बघायला. आत तीन माणसं. त्यातल्या व्यंकटेशला ती ओळखत होती, म्हणजे पडद्यावर ओळखत होती. तो चाचण्यांची नोंद घेणारा इंजिनियर, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर त्याच्या मुलीने खडूने काढलेलं जांभळं विमान चिकटवलेलं असे, त्याला पाच चाकं होती. तिला आता वेग, उंची, तापमान काहीच आठवत नव्हतं, ती पाच चाकं आठवत होती. तिने ओला कुर्ता तसाच अंगावर ठेवून चपला घातल्या. जिन्याने उतरली. मेट्रोने सेंट्रल, तिथून काकांच्या मैलापूरची गाडी. डबा जवळजवळ रिकामा होता, खिडकीतून कूम नदीचा वास येत होता, आणि तिला सांगलीची जत्रा आठवली. ती नऊ वर्षांची होती, धाकटा भाऊ कुशल चार. बाबा आकाशपाळण्याच्या रांगेत, आई बांगड्यांच्या दुकानात, आणि मग दोघं एकमेकांसमोर आली आणि दोघांचे हात मोकळे. ‘तुझ्याकडे होता ना?’ ‘अहो, तुमच्याबरोबर आला ना?’ ती नदीकाठची जत्रा होती. पुढचं सगळं तिला आवाज नसल्यासारखं आठवतं. आईचं उघडं तोंड, पाण्याकडे धावणारे बाबा, त्यांची एक चप्पल मागे राहिलेली. कुशल एका फुगेवाल्याच्या सायकलीखाली बसून कुणीतरी दिलेली जिलबी खात होता. सापडल्यावर आई रडली, मग हसली, आणि घरी पोहोचेपर्यंत तो एक किस्सा झाला होता. बाबा अजून सांगतात, नक्कल करून, ‘तुझ्याकडे होता ना?’ आणि सगळे हसतात. त्या रात्री ऋजुताला ताप भरला होता. तो कशाने भरला हे कुणी विचारलं नाही.

काकांचं घर देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत. दारात कोलमची रांगोळी, आत फिल्टर कॉफीचा वास. महालक्ष्मीकाकूंनी तिला पाहिल्याबरोबर पंखा मोठा केला. ‘ये गे, उन्हांत कशाला अलीस? बस की. तोंड बघ किती सुकलंय.’ काका पेपर घडी करत बाहेर आले, खूष झाले. ‘जेवलीस कां?’ ते म्हणाले. तिने एकदम विचारलं, ‘काका, त्या तापवायच्या तारा वेगळ्या वाटेने जातात, हे तुम्ही कुठे पाहिलं?’ ते हसले, डोकं खाजवलं. ‘मी? मी कुठें पाहिलें? तूंच सांगितलीस की.’ काकू कॉफी ओतत होत्या, पितळी वाटीत फेस चढत होता. ‘मी केव्हा?’ ‘जेवतांना. मी विचारलों, वेगळ्या जातात ना? तूं म्हणालीस, वेगळ्याच असणार.’ असणार. तिला आपला आवाज ऐकू आला, भाकरी मोडत, दुसरंच काहीतरी मनात असताना, ‘वेगळ्याच असणार हो.’ आणि मग दोन दिवसांनी लिहायला बसल्यावर तिला शंका आली होती, तिने त्याच टेबलावर काकांना विचारलं होतं, आणि काका म्हणाले होते, ‘हो, वेगळ्या अहेत,’ कारण तिनेच त्यांना सांगितलं होतं. मग तिने लिहिलं, खात्री केली आहे. मग ते तिच्या हातचं वाचून त्यांनी सही केली. ती त्यांच्या भरवशावर, ते तिच्या. दोघांचे हात मोकळे, आणि मधली ती तार कुठे आहे हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नाही. काकू म्हणाल्या, ‘तुम्ही दोघं ऑफिसांत तेवढं काय बोलतां कीं?’ आणि कॉफी पुढे केली. ऋजुताने ती न पिता जमिनीवरच ठेवली.

काकांचा चेहरा बदलला. त्यांना कळायला वेळ लागत नसे, कामात ते फार तल्लख. त्यांनी काकूंना आतून काहीतरी आणायला पाठवलं आणि आवाज खाली आणला. ‘हें बघ. वेगळ्याच असतील. कोण असा शहाणा दोन्ही एकत्र बांधेल?’ ‘आमच्या लिफ्टला बांधल्या होत्या.’ ‘लिफ्ट वेगळी, विमान वेगळें.’ ‘काका, उद्या उडणार आहे ते.’ ‘ठाऊक अहे. सोमवारीं अपण ड्रॉइंग मागवूं. शांतपणें.’ मग त्यांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, आणि ते त्यांना किती जड गेलं हे तिला दिसलं. ‘मज पुढच्या महिन्यांत निरोप देणार अहेत. माझ्या सहीवर इतकीं वर्षं कोणी बोट ठेवलें नाहीं. फोन नक्को करूं, मुली. सोमवारपर्यंत.’ त्यांनी हात जोडले नाहीत, तिने जोडू दिले नसते, पण त्यांचे हात एकमेकांजवळ आले होते. तिला वाटलं उठून त्यांच्या पाया पडावं आणि म्हणावं, बरं काका. किती सोपं होतं ते. बरं म्हटलं की कॉफी पिता आली असती, काकूंनी जेवायला थांबवलं असतं, आणि उद्या सकाळी विमान उडून बहुतेक परतही आलं असतं. बहुतेक. हा शब्द तिला कामात चालत नसे, आणि इथे तिने तो न अडखळता वापरला होता, हे लक्षात आल्यावर ती उठली.

तळ्याच्या कठड्याला टेकून तिने विद्यालक्ष्मीला फोन लावला. विद्यालक्ष्मी म्हणजे त्यांच्या विभागाची प्रमुख. तिच्यासमोर मोठी माणसंही वाक्य सुरू करण्याआधी घसा साफ करीत. दुपारचं ऊन दगडांतून वर येत होतं. घंटी वाजत होती आणि ऋजुता मनातल्या मनात म्हणत होती, उचलू नको, उचलू नको. तिने उचलला. ऋजुताने इंग्रजीत सांगितलं, तारांच्या वाटा वेगळ्या असल्याची खात्री झालेली नाही. ‘पण तू लिहिलंयस.’ ‘हो. मी पाहिलं नव्हतं.’ ‘सुब्बारावांनी तपासलंय ना?’ इथे ती थांबली. गल्लीच्या टोकाला काका उभे होते, पायात चपला नाहीत, एवढ्या उन्हात. ते आणखी पुढे आले नाहीत. ‘त्यांनीही पाहिलेलं नाही,’ ती म्हणाली. ‘ते माझ्या सांगण्यावर विसंबले आणि मी त्यांच्या.’ ‘उड्डाण थांबवते,’ विद्यालक्ष्मी म्हणाली, आणि फोन बंद झाला. ऋजुताने वर पाहिलं तेव्हा गल्लीत कुणी नव्हतं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटली ती फक्त भीती, आधीचीच, फक्त तिला आता आणखी एक माणूस चिकटला होता.

रविवार तिने कसा काढला ते तिला सांगता आलं नसतं. लिफ्ट दुरुस्त झाली होती, राजगोपालांनी दारावर येऊन सांगितलं. ती जिन्यानेच गेली. दोन्ही तारा एका पट्ट्यात आवळलेल्या तिला दिसत. मग त्या वेगळ्या दिसत, आणि ते जास्त भयंकर वाटे, कारण मग आपण एका म्हाताऱ्या माणसाला उगाच उन्हात उभं केलं. कोणतं खरं निघावं अशी आपली इच्छा आहे, हे ती स्वतःला विचारायला धजत नव्हती. आईचा फोन आला. ‘आवाज असा का?’ आईने विचारलं. ‘दूध उतू गेलं,’ ती म्हणाली, आणि आईला ते पटलं.

सोमवारी ऑफिसात पाऊल टाकल्याबरोबर विद्यालक्ष्मीने बोलावलं. टेबलावरच्या पडद्यावर एक फोटो उघडा होता. नाकाचं झाकण काढलेलं, आत बॅटरीचा उजेड. एक तार डावीकडून, एक उजवीकडून. मध्ये कुणीतरी आपला हात आडवा धरला होता, अंतर दिसावं म्हणून. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत. ‘वेगळ्या आहेत,’ विद्यालक्ष्मी म्हणाली. ‘काल दुपारनंतर उडालं. उतरलं. सगळं नीट.’ ती रागावली नव्हती. फोन केलास ते बरं केलंस, असंही म्हणाली, कोरडेपणाने. पुढच्या वेळी लिहिण्याआधी बघ, एवढंच. म्हणजे काहीच झालं नव्हतं. आकडा बरोबर होता, गुणाकार बरोबर होता, विमान खाली आलं होतं, पाच चाकांवर की कितीवर. ऋजुता त्या फोटोतल्या हाताकडे बघत राहिली. तो हात त्या आधी तिथे कधीच गेला नव्हता. आपण न बघता बोललो आणि ते खरं निघालं. न बघता बोललो आणि खोटं निघालं असतं तरी त्या टेबलावर भाकरी मोडताना आपला आवाज असाच आला असता.

जेवणाच्या खोलीत काका आधीच कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. ती दारातच थबकली. त्यांनी हात वर करून बोलावलं, चेहरा हसरा, गंध ताजं. ‘ये, ये. तुज म्हणून काकूनें पिठलं दिलंय.’ ती समोर बसली. क्षमा मागायची वाक्यं तिने सकाळपासून जुळवली होती. त्यांनी ती हातानेच थोपवली. ‘परवाइल्लै, असूं दे, मुली. तुझें वय तसें. विद्यालक्ष्मीनेंही मज काहीं म्हटलें नाहीं.’ आणि डब्याच्या कड्या सोडवत ते पुढे म्हणाले, ‘पण पाहिलीस कां? मी सांगितलों होतों की, वेगळ्या अहेत म्हणून.’ तिने झटकन त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. लबाडी शोधली. तिथे काहीच नव्हतं, नितळ, आनंदी चेहरा. त्यांना खरंच तसं आठवत होतं. शनिवारचं ते खाली आणलेलं बोलणं, अनवाणी पाय, सगळं कुठेतरी गेलं होतं. आणि याहून वाईट म्हणजे तिलाही आता ते तसंच आठवू लागलं होतं. काका ड्रॉइंग पाहून आलेत, ठामपणे सांगताहेत, वेगळ्या अहेत. तो फोटो मागे सरकत जाऊन त्या दुपारच्या टेबलावर बसत होता. काकाही जत्रेतून घरी निघाले होते, भीतीचा किस्सा करत, आणि आपल्यालाही बरोबर नेत होते.

‘बरें,’ काका म्हणाले, झाकण काढता काढता, सहज, ‘तें शेपटाकडलें नवीन अलंय ना अपल्याकडे. त्या दोन पाइपा. त्या वेगवेगळ्याच जातात ना?’

हो. तो शब्द तिच्या जिभेवर आला होता, गोड, तयार, रोजचा. तिने तोंड मिटलं. कानात लिफ्टचा गचका बसला.

‘मला विचारू नका, काका,’ ती म्हणाली. ‘मी पाहिलं नाही. तुम्हीही मला काही सांगू नका. यापुढे कामाचं नको. आणि आपलं कामाचं बोलणं इथेच होतं, ते थांबवता येणार नाही आपल्याला, म्हणून…’ तिने आपला डबा जवळ ओढला.

‘रागावलीस कां?’

‘नाही. भीती वाटते.’

‘कसली? सगळें नीट झालें की.’

‘म्हणूनच,’ ती म्हणाली. ते त्यांना कळलं नाही. त्यांचा हात झाकण धरून तसाच राहिला, आणि चेहऱ्यावरचं हसू जायचं की राहायचं या घोटाळ्यात अर्धंच उरलं. ऋजुताने आपला डबा उचलला. खिडकीकडचं टेबल रिकामं होतं, तिथे जाऊन ती त्यांच्याकडे पाठ करून बसली. या शहरात तिच्याशी मराठीत बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. मागून पिठल्याचा वास आला. तिने भाकरी मोडली, आणि कुणाशी काही न बोलता जेवायला लागली.